एका 'हॅड'ची गोष्ट

मला एक वाईट खोड आहे. समोर कुणाचाही इंग्रजी मेल आला, की हात शिवशिवतात. इथला कॉमा तिथे ने, 'काइंडली' उडव, 'रिव्हर्ट बॅक' दिसलं की कपाळावर हात मार. टीममध्ये माझी तशी ख्यातीच आहे. 'क्लायंटला पाठवायच्या आधी एकदा याच्या नजरेखालून घाला,' असं आमचा मॅनेजर सगळ्यांना सांगतो आणि मी दिवसभर कॉलर ताठ करून फिरतो. दहावीपर्यंत मराठी मीडियमला होतो ना! इंग्रजीसाठी कुणीतरी आपल्याला विचारतंय, याचं अप्रूप अजून संपलेलं नाही.

हे आधीच सांगून टाकलं, कारण आजच्या गोष्टीतला व्हिलन मीच आहे.

तर झालं असं. गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. आमच्या टीममध्ये कोल्हापूरची एक मुलगी आहे. पहिलीच नोकरी, जेमतेम आठ महिने झालेले. त्या रात्री तिची नाइट शिफ्ट होती. दोन वाजून दहा मिनिटांनी अलर्ट आला. क्लायंटच्या सिस्टिममधली एक सर्व्हिस वेड्यासारखी फायली लिहीत सुटली होती आणि डेटाबेसची डिस्क भरत चालली होती. डिस्क पूर्ण भरली असती तर सकाळी अख्ख्या ऑफिसची झोप उडाली असती. तिने दोन ठिकाणी फोन लावले, कुणी उचलले नाहीत. मग तिने सूचनांची फाइल उघडली, त्यात लिहिलं होतं तसं केलं आणि ती सर्व्हिस बंद केली. चाळीस मिनिटं क्लायंटचं काम थांबलं, पण डेटा वाचला. थोडक्यात काय, पोरीने डोकं शाबूत ठेवलं.

सकाळी तिने रिपोर्ट लिहिला. अर्ध्या पानाचा, साधासुधा. त्यातलं एक वाक्य असं होतं: 'व्हेन द अलर्ट केम, आय स्टॉप्ड द सर्व्हिस.'

रिपोर्ट माझ्या नजरेखालून गेला. मी चहाचा कप बाजूला ठेवला आणि कामाला लागलो. हे वाक्य मला फारच बारकं वाटलं. 'स्टॉप्ड' काय, शाळकरी पोरासारखं! कालची घटना, ती पण क्लायंटसमोर मांडायची, जरा वजन नको? मी एक 'हॅड' घातला. 'व्हेन द अलर्ट केम, आय हॅड स्टॉप्ड द सर्व्हिस.' वा. आता कसं, फॉर्मल वाटतंय. तिला म्हटलं, "छान लिहिलंयस. बारीकसारीक करेक्शन्स केलीत, पाठवून दे." ती म्हणाली, "थँक्यू सर."

दोन दिवसांनी क्लायंटबरोबर कॉल झाला. इंग्लंडमधली एक बाई, अतिशय शांत आवाज. तिने रिपोर्ट वाचला होता. म्हणाली, 'सो व्हेन द अलर्ट केम, द सर्व्हिस वॉज ऑलरेडी डाउन?' लाइन खरखरत होती, समोर चार मोठी माणसं बसलेली, आमच्या कोल्हापूरच्या घशाला कोरड. तिने रिपोर्टातलंच वाक्य धरून ठेवलं. 'येस. आय हॅड स्टॉप्ड इट.'

'आय सी,' बाई म्हणाली.

इंग्रज माणसाच्या 'आय सी'इतकं थंडगार वाक्य मी आयुष्यात ऐकलेलं नाही. पुढच्या पाच मिनिटांत सगळं ठरून गेलं. अलर्ट यायच्या आधीच या मुलीने कुणाला न विचारता सर्व्हिस बंद केली. त्यामुळेच गडबड झाली. कारण: मानवी चूक. तिचा सिस्टिमचा ॲक्सेस तूर्तास काढा. लॉग क्लायंटच्या दुसऱ्या टीमकडे होते, ते सोमवारी मिळणार होते. तोवर कागदावर जे लिहिलंय तेच खरं.

आणि गंमत बघा, मलाही ते खरंच वाटलं! म्हटलं, अरेरे, हिने आधीच बंद केली की काय? माझ्याच 'हॅड'ने मलाच फसवलं.

संध्याकाळी कॅन्टीनमध्ये ती एकटीच बसली होती. पुढ्यातल्या उपम्याला हातही लावला नव्हता. मला बघून म्हणाली, "सर, मी अलर्ट बघूनच बंद केली होती हो."

मी आपला ज्ञानी चेहरा करून म्हटलं, "मग रिपोर्टमध्ये तसं लिहायचं ना गं."

ती क्षणभर माझ्याकडे बघत राहिली. "तसंच लिहिलं होतं, सर."

बस. एवढंच. मी 'होतं असं पहिल्या वर्षी' वगैरे काहीतरी पुटपुटलो आणि कॅब पकडायला पळालो. फाइल उघडून बघावी, असं मला वाटलंसुद्धा नाही.

घरी पोचलो तर तिथे वेगळाच इन्सिडेंट. सकाळी दूध उतू जाऊन अख्खा ओटा माखला होता, त्यावरून आई-बाबांची चौकशी समिती अजून चालूच. बाबांचं म्हणणं, गॅस आईने चालू ठेवला. आई म्हणाली, "मुळीच नाही. बेल वाजली तेव्हा मी गॅस बंद केला होता."

बाबा लगेच वकिली थाटात, "म्हणजे बेल वाजायच्या आधीच बंद केला होतास. मग नंतर चालू कुणी केला?"

"अहो, आधी कशाला बंद करीन? दूध तापायचं होतं की! बेल वाजली, म्हणून बंद केला."

"मग तसं सांग ना!"

"तसंच सांगितलं!"

माझ्या हातातला घास हातातच राहिला. 'तसंच लिहिलं होतं, सर.' जेवण तसंच टाकून मी लॅपटॉप उघडला. रिपोर्टचा जुना ड्राफ्ट काढला. तिचं वाक्य काळ्या अक्षरांत. मध्ये तीन लाल अक्षरं. त्यांच्यावर कर्सर नेला, तर शेजारी माझं नाव.

मंडळी, त्या रात्री मी शाळेनंतर पहिल्यांदा काळ उघडून बसलो. भूतकाळ, आणि तोही इंग्रजीतला. तुमच्यापैकी बरेच जण रोज हाच घोळ घालत असणार, म्हणून जे हाती लागलं ते सांगतो.

घोळाचं मूळ आपल्या वहीत आहे. शाळेत आपण तक्ता पाठ केला: सिंपल पास्ट म्हणजे साधा भूतकाळ, 'आय वेंट' म्हणजे 'मी गेलो'. पास्ट परफेक्ट म्हणजे पूर्ण भूतकाळ, 'आय हॅड गॉन' म्हणजे 'मी गेलो होतो'. दोन रकाने, मध्ये रेघ, विषय संपला. तेव्हापासून डोक्यात 'होतो' आलं, की बोटं आपोआप 'हॅड' टाइप करतात. पण ही दोन जुळी भावंडं नाहीत. चेहरे सारखे दिसतात, कामं वेगळी आहेत.

आता हे करून बघा. मित्राला नुसतं म्हणा, 'गेल्या आठवड्यात मी गोव्याला गेलो...' तो वाट बघेल. 'बरं, मग? पुढे काय झालं?' कारण मराठीत नुसतं 'गेलो' म्हटलं की गोष्ट सुरू झाल्यासारखी वाटते. त्याऐवजी म्हणा, 'गेल्या आठवड्यात मी गोव्याला गेलो होतो.' तो म्हणेल, 'अरे वा, मजा आहे बुवा!' 'गेलो होतो' म्हटलं की माणूस जाऊन परत आलेला असतो. विषय पूर्ण.

इंग्रजीत हे अगदी उलटं आहे. 'आय वेंट टू गोवा लास्ट वीक' म्हटलं, की विषय पूर्ण. 'आय हॅड गॉन टू गोवा' म्हटलं, की समोरचा वाट बघत बसतो. हॅड गॉन? कशाच्या आधी? पुढे काय झालं? आणि आपण तर 'वॉर्म रिगार्ड्स' लिहून मोकळे! रोज सकाळी किती इंग्रज माणसं आपल्या अर्धवट गोष्टींचा शेवट शोधत बसत असतील, देव जाणे.

असं का होतं? आपल्या साध्या भूतकाळाचं घर वर्तमानाच्या अगदी शेजारी आहे. 'बस आली!' म्हणतो तेव्हा बस समोर उभी असते. 'जेवलास का?' 'जेवलो.' हात अजून ओला असतो. एवढंच कशाला, बायको खालून हाका मारते आणि आपण सोफ्यावर लोळत 'आलो, आलो!' म्हणतो, तेव्हा तर अजून उठलेलोही नसतो. भूतकाळ वापरून भविष्याची थाप! मग बोलताना जरा मागची, संपलेली गोष्ट सांगायची असली, की आपण 'होतं' लावून तिला चार पावलं मागे ढकलतो. शिवाय 'होतं' लावलं की बोलण्याला मऊपणा येतो. 'मला एक विचारायचंय' आणि 'मला एक विचारायचं होतं', यातलं दुसरं बॉसच्या केबिनच्या दारात उभं राहून म्हणतात. मला 'हॅड' फॉर्मल का वाटला, ते यावरून कळलं.

इंग्रजीच्या साध्या भूतकाळाचं घर मात्र ऐसपैस आहे. पाच मिनिटांपूर्वी संपलेला चहा त्यात मावतो आणि शंभर वर्षांपूर्वीची घटनाही. डेक्कन क्वीन १ जून १९३० ला पहिल्यांदा धावली. इंग्रजीत 'द डेक्कन क्वीन फर्स्ट रॅन इन नाइन्टीन थर्टी.' हॅड नको. गोष्ट जुनी आहे म्हणून हॅड लागत नाही, संपली आहे म्हणून लागत नाही, क्लायंट मोठा आहे म्हणून तर मुळीच लागत नाही. काल, परवा, सोमवारी, गेल्या वर्षी अशी वेळ सांगून सरळ एखादी गोष्ट कळवायची असेल तर 'आय सेंट द फाइल ऑन मंडे.' झालं. 'आय हॅड सेंट' नको.

मग हॅड लागतो कधी? भूतकाळातल्या एखाद्या क्षणाशी आपण उभे आहोत आणि तिथून आणखी मागे बघतोय, तेव्हा. त्याला एकट्याने उभं राहता येत नाही, टेकायला भूतकाळातला दुसरा एखादा क्षण लागतो. तो क्षण त्याच वाक्यात असेल किंवा मागच्या वाक्यात येऊन गेला असेल, पण असायला हवा.

डेक्कन क्वीनचंच उदाहरण घेऊ. तुम्ही धापा टाकत पुणे स्टेशनवर पोचलात. 'व्हेन आय रीच्ड द प्लॅटफॉर्म, द ट्रेन लेफ्ट.' म्हणजे तुम्ही पोचलात आणि तुमच्या डोळ्यांदेखत गाडी हलली. शेवटच्या डब्याची पाठ तरी दिसली. 'व्हेन आय रीच्ड द प्लॅटफॉर्म, द ट्रेन हॅड लेफ्ट.' म्हणजे गाडी आधीच गेलेली. समोर नुसते रूळ आणि एक चहावाला. एका 'हॅड'ने तुमचा अख्खा उशीर वाढला.

मराठीतही हे दुसरं वाक्य 'मी पोचलो तेव्हा गाडी गेली होती' असंच होतं. म्हणजे आपलं 'होतं' हे काम करतं, नाही असं नाही. पण ते दुसरंही करतं, बेल वाजल्यावर गॅस बंद करण्याचं. कुठलं काम चाललंय, ते मराठीत आपण 'आधीच', 'मग', 'म्हणून' अशा शब्दांवरून आणि आवाजावरून ओळखतो. इंग्रजीत मात्र 'व्हेन'च्या अशा वाक्यात आधी काय आणि नंतर काय, हे एकटा 'हॅड' ठरवून टाकतो. आमच्या रिपोर्टमध्ये त्याने तेच केलं. तिच्या वाक्यात अलर्ट आधी, सर्व्हिस बंद नंतर. माझ्या वाक्यात सर्व्हिस बंद आधी, अलर्ट नंतर. तिच्या वाक्यात तिने आग विझवली. माझ्या वाक्यात तिनेच काडी लावली.

दोन-तीन गोष्टी आणखी, म्हणजे तुम्ही उद्यापासून हॅडला घाबरून त्याला वाळीत टाकणार नाही. एक, घटना ज्या क्रमाने घडल्या त्याच क्रमाने सांगायच्या असतील, तर साधा भूतकाळ पुरतो: अलर्ट आला, मी फोन केला, कुणी उचलला नाही, मी सर्व्हिस बंद केली. ऑफिसचे निम्मे रिपोर्ट एवढ्यावर निघतात. दोन, 'बिफोर' किंवा 'आफ्टर' आलं, की क्रम त्यांनीच सांगितलेला असतो. शाळेतलं ते डॉक्टर येण्याआधी दगावणाऱ्या पेशंटचं वाक्य आठवतं? पिढ्यान्‌पिढ्या बिचारा 'हॅड डाइड' होतोय. ते बरोबरच आहे, पण 'बिफोर' असल्यामुळे नुसतं 'डाइड' म्हटलं तरी चालतं. पेशंटला काय फरक पडतो म्हणा! तीन, गोष्ट सांगताना मध्येच मागे जायचं असेल, तर एक-दोन वेळा हॅड वापरून वाचकाला मागे नेऊन सोडा आणि मग पुन्हा साधा भूतकाळ धरा. प्रत्येक वाक्याला हॅड लावलात, तर जिन्याच्या प्रत्येक पायरीवर 'पायरी आहे हं' असं सांगितल्यासारखं होतं.

आणि हे सगळं विसरलात तरी एकच करा. हॅड टाइप करताना बोट थांबवा आणि स्वतःला विचारा, 'कशाच्या आधी?' उत्तर आलं, तर हॅड राहू दे. नाही आलं, तर काढून टाका. आमच्या घरच्या चौकशी समितीचा आभारी आहे. वकील आमचे बाबा असले, तरी हा प्रश्न त्यांच्याकडूनच मिळाला.

असो. रात्री साडेअकरा वाजता मला सगळं कळलं होतं. आता तुम्हाला वाटेल, मी ताबडतोब मेल केला असेन. नाही केला. खरं सांगतो, मी हिशेब करत बसलो. आज गुरुवार. सोमवारी लॉग येतीलच. त्यात वेळा असतील, दूध का दूध, पानी का पानी होईल. मग कशाला उगाच जगाला सांगायचं, की टीमच्या इंग्रजी पंडिताला सहावीतला काळ येत नाही? शुक्रवार मी तसाच काढला. ती दिवसभर स्क्रीनकडे बघत बसली होती. ॲक्सेस नाही म्हटल्यावर करायला काम नव्हतं. तिला जुन्या फायली नीट लावायला दिल्या होत्या. चार वाजता तिच्या घरून फोन आला, तेव्हा ती पॅसेजमध्ये जाऊन अगदी हसऱ्या आवाजात म्हणाली, "हो आई, सगळं मस्त चाललंय." मी कॉफी मशीनपाशी होतो. मला ऐकू आलं.

जागेवर आलो आणि मेल लिहिला. आयुष्यातला सर्वांत छोटा मेल. अलर्ट दोन-दहाला आला. तिने त्यानंतर सर्व्हिस बंद केली. तिने रिपोर्टमध्ये 'स्टॉप्ड' लिहिलं. मी ते 'हॅड स्टॉप्ड' केलं. चूक माझी. पाचही वाक्यं साध्या भूतकाळात, आणि 'हॅड' फक्त पुराव्यापुरता. क्लायंट, मॅनेजर, ती, सगळ्यांना एकत्र.

बाईंचं उत्तर अर्ध्या तासात आलं. आभार मानले होते, आणि यामुळे चित्र पूर्ण बदलतं, असं लिहिलं होतं. सोमवारी लॉग आले, त्यांनी तेच सांगितलं. मंगळवारी ॲक्सेस परत मिळाला. मॅनेजर एवढंच म्हणाला, "आता तुझं इंग्रजी कुणाच्या नजरेखालून घालू?" मी म्हटलं, "कोल्हापूरच्या." तो हसला. पण मी विनोद करत नव्हतो. हल्ली माझे मेल खरंच तिच्याकडून जातात, आणि एखादा हॅड दिसला, की ती अत्यंत निरागस चेहऱ्याने विचारते, "सर, कशाच्या आधी?"

सगळं ठीक झालं, असं म्हणून इथे थांबता आलं असतं. पण गुरुवारपासून शुक्रवारपर्यंत एका मुलीच्या नावापुढे 'मानवी चूक' लिहिलेलं होतं, आणि त्यातला शेवटचा दिवस निव्वळ माझ्या कॉलरीपायी वाढला.

हॅडचं आणखी एक काम आहे, ते मी शेवटी राखून ठेवलं होतं. 'आय विश' म्हटलं आणि त्यापुढे हॅड आला, की जे व्हायला हवं होतं पण झालं नाही, त्याची हळहळ सांगता येते. मराठीत तिथे 'होतं' चालत नाही. तिथे आपण 'असतं' म्हणतो. पाऊस पडला असता तर. फोन लागला असता तर.

आय विश आय हॅड स्पोकन दॅट नाइट. मी त्याच रात्री बोललो असतो तर. इथे मात्र 'कशाच्या आधी?' असं कुणी विचारलं, तर माझ्याकडे उत्तर आहे. तिने पॅसेजमध्ये जाऊन 'सगळं मस्त चाललंय' म्हणायच्या आधी.